नियम ९(३) ला चौसष्ट अंगठ्यांची हरकत

दिनांक: ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. निर्णय अधिकारी,
कामगार संघटना निवडणूक नियम (मसुदा) जनमत कक्ष,
तिसरा मजला (लिफ्ट बंद), पुणे.

विषय: मसुदा नियम ९(३) ला आम्ही घेतलेली हरकत आपल्या अहवालात समर्थन म्हणून मोजली गेल्याबाबत, व ती हरकत म्हणूनच मोजण्याबाबत.

संदर्भ: १) आपली जाहीर सूचना, दि. ४ ऑगस्ट २०२५
२) आमचा तीन पानी अर्ज, दि. २९ ऑगस्ट २०२५
३) आपला जनमत अहवाल, दि. २२ सप्टेंबर २०२५
४) आपले पत्र, दि. ३० सप्टेंबर २०२५

अर्जदार: विजयमाला हिंदुराव बेनकर, वय ४७, रा. धायरी. नोकरी: लिंबू विभाग, रसलिंब लोणची उद्योग. सेवा: एकोणीस वर्षे.

महोदय,

हा अर्ज हरकतीचा आहे. पहिल्या ओळीत तसे स्पष्ट लिहिण्याचे कारण पुढे येईल. या अर्जात कोठेही आभार मानलेले नाहीत, तरी कृपया शोधू नयेत.

१. आमच्या कारखान्यात एकशे त्रेचाळीस कामगार आहेत. पैकी आम्ही चौसष्ट बायका लिंबू विभागात आहोत. लिंबू चिरायचे, फोडीतली बी अंगठ्याने दाबून काढायची आणि मग फोडींना मीठ चोळायचे, हे आमचे काम. बी राहिली तर लोणचे कडू होते, म्हणून प्रत्येक फोड अंगठ्याखालून जाते. रोज आठ तास लिंबाचा रस आणि मीठ यांत बोटे राहिली की वर्षभरात अंगठ्यावरच्या रेषा जातात. सुरुवातीला आग होते, नंतर तीही होत नाही. बोट गुळगुळीत होते. आपल्या मसुद्यातला नियम ९(३) म्हणतो की, संघटनेच्या निवडणुकीत मतदाराची ओळख केवळ अंगठ्याच्या ठशाच्या यंत्रावर पटवली जाईल आणि दुसरा कोणताही पुरावा ग्राह्य धरला जाणार नाही. म्हणजे लिंबू विभागातल्या एकाही बाईला मत नाही.

२. कारखान्याच्या फाटकावरही असेच यंत्र आहे. तेही आम्हाला ओळखत नाही. परंतु तेथे आम्हाला कोणी परत पाठवत नाही. सुपरवायझर वहीत नाव लिहितात आणि आत घेतात, कारण लिंबे वाट पाहत नाहीत. एकोणीस वर्षे मी त्या वहीवर काम केले आहे. कामावर घेताना वही चालते आणि मत देताना चालत नाही, यामागचे तत्त्व आपल्या कार्यालयात कोणाला माहीत असल्यास लेखी कळवावे.

३. आता या निवडणुकीचे आम्हाला एवढे काय पडले आहे, असे आपणास वाटू शकते. आमची मागणी एकच आहे: रबरी हातमोजे. आत्ताचे प्रतिनिधी हिशेब विभागात बसतात आणि तीन वेळा बिनविरोध निवडून आले आहेत. मोजे घातले तर हातची चव जाते, असे कंपनी म्हणते आणि तेही म्हणतात. बरणीवर ‘हातची चव’ असे छापलेले आहे. ती चव कोठून येते, हे आमच्या घरच्यांना आमच्या हातांवरून माहीत आहे. म्हणून या वेळी लिंबू विभागाने रझिया कासिम बागवान यांना उभे करायचे ठरवले आहे. मतदान १७ नोव्हेंबरला आहे. आपले नियम १५ ऑक्टोबरला अंतिम झाले, तर मोज्यांचा निर्णय ज्यांचे हात शाबूत आहेत ते एकोणऐंशी जण करतील. रझियाभाभींना उमेदवारी अर्ज भरता येईल, कारण त्याला सही चालते. मत मात्र त्यांना स्वतःलाही देता येणार नाही.

४. आपण ४ ऑगस्टला सूचना काढून जनतेचे मत मागवलेत. समक्ष यावे, वेळ अकरा ते एक, असे त्यात होते. आम्ही बाराजणी २० ऑगस्टला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो. तीन मजले चढलो. मुक्ताई पोकळे आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आहेत, त्यांचे गुडघे गेलेले आहेत, त्याही चढल्या. टेबलावर जे ठेवले होते ते पाहून आम्हाला प्रथम हसू आले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करते. अंगठ्याचे यंत्र होते. हरकत नोंदवण्याआधी अंगठा लावून ओळख पटवायची होती.

आम्ही बाराजणींनी अंगठे लावले. रझियाभाभींनी आमच्यात चालते तसा अंगठा आधी केसांवरून फिरवला, म्हणजे थोडे तेल लागते आणि कधीकधी यंत्र फसते. आपले फसले नाही. ‘कृपया पुन्हा प्रयत्न करा’ असे ते छत्तीस वेळा म्हणाले. आम्ही मतदार कार्ड, रेशन कार्ड आणि कंपनीचे फोटो असलेले ओळखपत्र टेबलावर ठेवले. आपले लिपिक म्हणाले, “अहो, तुम्ही कोण ते मला दिसतंय. पण मला दिसून उपयोग नाही.” त्यावर मुक्ताई म्हणाल्या, “माझं बोट गेलं आसंल बाबा, पण मी हितं उभी हाय न्हवं?” लिपिकांनी यंत्राकडे पाहिले. हरकत घेतली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तीच हरकत पोस्टाने पाठवली. ती परत आली. वर लाल शाईत शेरा होता, ‘विहित पद्धतीने ओळख पटवून नोंदवावी’. अंगठा नसल्याची तक्रार अंगठा लावून करावी, असा त्याचा अर्थ होतो. हे लिहिणाऱ्याने स्वतः एकदा वाचले असते तरी पुरे होते.

५. मग आम्ही रणजित लायगुडे यांना विनंती केली. ते माल रवाना करण्याच्या विभागात आहेत, खोकी उचलतात, त्यांचा अंगठा चांगला आहे. चौसष्टजणींच्या वतीने त्यांनी २९ ऑगस्टला अर्ज आणून दिला आणि यंत्राने त्यांना लगेच ओळखले. तो अर्ज मी लिहिला होता. येथून पुढची चूक माझी आहे आणि ती मी लपवत नाही.

शाळेत आम्हाला शिकवले होते की साहेबांना लिहिताना सुरुवात आदराने करावी, एकदम तक्रारीवर येऊ नये. म्हणून मी पहिला परिच्छेद असा लिहिला: ‘शासनाने कामगारांसाठी निवडणुकीचे नियम आणून आमची दखल घेतली, याबद्दल आम्ही सर्व भगिनी आपल्या मनःपूर्वक आभारी आहोत.’ त्यापुढे पावणेतीन पाने हरकत होती.

२२ सप्टेंबरला आपला अहवाल आला. त्यात पृष्ठ ११ वर पुढीलप्रमाणे आहे, मी जसेच्या तसे उतरवते: ‘नियम ९(३): प्राप्त अभिप्राय – १. समर्थन – १. हरकत – निरंक. सबब जनमत शंभर टक्के अनुकूल असल्याचे दिसून येते.’

ते समर्थन म्हणजे माझा अर्ज आहे.

मी २५ सप्टेंबरला पुन्हा रजा टाकून, पुन्हा तीन मजले चढून विचारायला आले. अभिप्रायांचे वर्गीकरण पहिल्या परिच्छेदावरून होते, पुढचे वाचायला मनुष्यबळ नाही, असे मला सांगण्यात आले. चौसष्टजणींचा अर्ज एक म्हणून का मोजला, हेही विचारले. अंगठा एकच होता, असे उत्तर मिळाले. त्या दिवशी मी जिना उतरताना रडले. कामावर परतल्यावर हे सगळ्यांना सांगताना मला मान वर करता आली नाही. कोणी मला बोलले नाही, बोलल्या असत्या तर बरे झाले असते. मुक्ताई एवढेच म्हणाल्या, “आगं, त्येंचं आभार मानायची तुला गरजच काय हुती?” त्यांचे बरोबर होते. मी सभ्यपणे लिहिले आणि आपण त्या सभ्यपणाचा आकडा करून चौसष्ट बायकांच्या विरोधात छापलात. एकोणीस वर्षे लिंबाने जेवढे झोंबले नाही तेवढे हे झोंबले आहे.

६. यावर मार्ग सुचवणारे आपले ३० सप्टेंबरचे पत्र मिळाले. त्वचातज्ज्ञांच्या मते काम थांबवल्यास सुमारे पंधरा दिवसांत बोटांवरच्या रेषा पुन्हा दिसू लागतात, सबब ‘संबंधित महिला कामगारांनी मतदानापूर्वी पंधरा दिवस लिंबू हाताळू नये’, असे आपण त्यात कळवले आहे. दिवाळीच्या सुट्टीत रेषा थोड्या दिसू लागतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. परंतु आपण पुढचा विचार केलेला दिसत नाही, म्हणून तो मी करून देते.

चौसष्ट बायकांनी पंधरा दिवस लिंबू हाताळले नाही, तर त्याला संप म्हणतात. कंपनीच्या वकिलांनी आम्हाला लेखी बजावले आहे की संपाची नोटीस मान्यताप्राप्त संघटनेनेच द्यायची असते. आमच्या संघटनेला मान्यता नव्या नियमांप्रमाणे या निवडणुकीनंतरच मिळणार आहे. निवडणुकीत मत द्यायला अंगठा लागतो. आणि अंगठा यायला पंधरा दिवस काम बंद ठेवावे लागते. मी दहावी पास आहे. हे मी पाटीवर खडूने गोल काढून आमच्या विभागात समजावून सांगितले, तेव्हा सगळ्याजणींना ते एकदाच सांगून कळले. आपल्या कार्यालयात ते किती वेळा सांगावे लागेल, याची कल्पना द्यावी. पाटी घेऊन येईन.

७. जनमत म्हणजे काय, हे मला आता विचारायचे आहे. ज्यांना नियमाचा त्रास आहे त्यांना दारातच थांबवायचे, आत आलेल्या एकाच कागदाची पहिली ओळ वाचायची, आणि मग सगळ्यांना नियम पसंत आहे असे छापायचे, याला जनमत म्हणत असतील तर ते आमच्याकडून मागवू नये. आपल्याकडे ते तयारच असते. रझियाभाभींचे म्हणणे याहून साधे आहे. त्या म्हणतात, “आमचं म्हणणं नको असेल तर सरळ नको म्हणा ना, बोलावून कशाला घेता?”

८. सबब खालील गोष्टी कराव्यात. ‘कराव्यात ही विनंती’ असे लिहिण्याची पद्धत आहे, ती मी या वेळी सोडली आहे.

(अ) पृष्ठ ११ वरचे समर्थन काढून तेथे ‘हरकत – ६४’ असे छापावे. चौसष्ट लिहावे, एक नव्हे.

(आ) यंत्राने ओळखले नाही तर फोटोचे ओळखपत्र आणि कारखान्याची हजेरीवही चालेल, एवढे एक वाक्य नियम ९(३) मध्ये घालावे. ज्या वहीने आमच्याकडून एकोणीस वर्षे काम घेतले, तिने एक दिवस मत देऊ दिले तर आभाळ कोसळणार नाही.

(इ) हे जमत नसेल, तर नियम अंतिम करण्याआधी आपण स्वतः पंधरा दिवस आमच्या विभागात यावे. सुरी, पाट आणि मीठ आम्ही देऊ. मोजे मिळणार नाहीत, ते आम्हालाही नाहीत. बी अंगठ्याने कशी काढायची ते मुक्ताई शिकवतील, त्यांनी मलाही शिकवले. सोळाव्या दिवशी आपण आपल्या कार्यालयात जाऊन त्याच टेबलावरच्या यंत्रावर अंगठा लावावा आणि आपण कोण आहात ते त्याला पटवून द्यावे. लिपिकांना आपण दिसालच. पण त्यांना दिसून उपयोग नसतो.

हा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवत आहे. पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या माणसाने अंगठा मागितला नाही, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पावती दिली. उत्तर १४ ऑक्टोबरपर्यंत यावे. न आल्यास १५ तारखेला आम्ही चौसष्टजणी समक्ष येऊ. बारा नव्हे. मुक्ताईंना खुर्चीवर बसवून आम्ही वर आणू, तेवढ्यासाठी जिना मोकळा ठेवावा.

शेवटी ‘आपली नम्र’ असे लिहायचे असते. परंतु मागच्या वेळी नम्रता समर्थनात धरली गेली, म्हणून तेही लिहीत नाही.

हरकतदार,

(सही)
विजयमाला हिंदुराव बेनकर
लिंबू विभागातील चौसष्ट कामगारांच्या वतीने व त्यांच्यासमोर वाचून

सोबत:

१) दि. २९ ऑगस्टच्या अर्जाची प्रत. पहिला परिच्छेद मी स्वतः काट मारून रद्द केला आहे.

२) हजेरीवहीच्या पानांच्या झेरॉक्स.

३) चौकटी आखलेला एक मोठा कागद. त्यावर चौसष्टजणींचे अंगठे शाईने उमटवले आहेत. तो यंत्राखाली धरू नये, डोळ्यांनी पाहावा. सगळे डाग सारखेच आहेत, आत रेषा नाहीत, त्यामुळे कोणाचा कोणता ते आपल्याला ओळखता येणार नाही. आम्हाला येते. कोपरा मोडलेला रझियाभाभींचा, मध्ये सुरीच्या वाराची फट असलेला माझा, आणि सर्वांत रुंद, चौकटीबाहेर गेलेला तो मुक्ताईंचा, चौतीस वर्षांचा. पासष्टावी चौकट रिकामी आहे. तिच्याखाली आपले पदनाम लिहिले आहे. ती आज भरू नये, पंधरा दिवस लिंबे चिरून झाल्यावर भरावी.

४) शाईचा पॅड, एक. काम झाल्यावर परत करावा.