मायच्या गोळ्या

नंदुरबार,
९ फेब्रुवारी

ती. हेमकांतभाऊस,
धाकट्या दीपमालाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. पथारींवर मिरची वाळते आहे, वारा फिरला की ठसका घरापर्यंत येतो. आमच्या काजलची बारावीची परीक्षा तोंडावर आली. सुरतला वहिनी कशा आहेत?

मायच्या दहाव्याला भाऊबंदांसमोर तू म्हणालास, "तू मायले येड्यासना डाक्टरकडे लई गई, त्याच गोळ्यास्नी तिले मारं." तेव्हापासून आपण बोललो नाही.

तुझ्या अर्जावरून पोलिसांनी अंत्यविधीआधी शवविच्छेदन करवून घेतलं होतं, त्याचा व्हिसेरा अहवाल आला. आमचे हे म्हणाले, "आते हाऊ कागद सर्वासले दखाड." मी म्हटलं, कुणालाही दाखवायचा नाही.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तो समजावून सांगितला. मायची मनाची गोळी हृदयाजवळच्या रक्तात जास्त सापडली, पण माणूस गेल्यावर ती तिथे साचते. मांडीच्या रक्तातलं प्रमाण खरं धरतात, तिथे ती रोजच्या डोसाइतकीच होती. त्याच डॉक्टरांनी दिलेली झोपेची गोळीही तेवढीच. मायने जीव दिला नाही, भाऊ. तिसरी गोळी दुखण्याची होती, जोरदार. तीही ठरल्याप्रमाणेच घेतलेली. तिन्ही एकत्र आल्या आणि झोपेत तिचा श्वास मंदावत गेला.

ती तिसरी गोळी तू गुडघ्यांसाठी तिला सुरतच्या डॉक्टरांकडे नेऊन घेऊन दिली होतीस; त्यांची चिठ्ठी मला नंतर तिच्या पिशवीत सापडली.

हे वाक्य लिहिताना कितीतरी पानं फाडली. अहवालाची प्रत तुलाही मिळेल. ती तू एकट्याने वाचावीस, हे मला नको होतं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं असेलच, दुसरं काही औषध चालू आहे का. तुझ्यासमोर ती काय सांगणार? मनाच्या गोळ्यांबद्दल मला नेहमी म्हणायची, "हेमले सांगू नको, त्याले वाईट वाटी." आणि तुझ्या गोळ्या तिने माझ्यापासून लपवल्या, कारण इथल्या डॉक्टरांनी न विचारता दुसरं काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मला वाटायचं, तेल चोळून गुडघे सुटले.

शेवटी शेवटी माय काठीशिवाय बाजारात यायची. शेजारच्या शोभाबाईंच्या दारात उभी राहून तासभर बोलायची. ते तुझ्यामुळे झालं, हेही खरं आहे.

लोकांना मी काही सांगणार नाही. पण त्या दिवशीचं तुझं बोलणं रोज भाकरी थापताना माझ्या कानात येतं. ते परत घे. भाऊबंदांसमोर नको, माझ्यासमोर घे. मग आपण दोघं मायसाठी रडू. अजून आपण एकत्र रडलेलोच नाही.

तुझ्याइतकीच पोरकी,
दीपमाला