शाल कोणाची

चिंधाभाऊ,
धुळ्याहून अभिमनचा रामराम. उशिराबद्दल रागावू नकोस. तुझं पत्र पोळ्याला आलं आणि उत्तर दिवाळी उलटल्यावर लिहितो आहे. (मध्ये दोनदा बसलो होतो. एकदा शाई संपली, एकदा हिंमत.) तुझे गुडघे कसे आहेत? माझं बीपी आहे तिथेच आहे. फोन केला असता, पण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, आणि ही गोष्ट स्पीकरची नाही.

परवा आमचा धाकटा योगेंद्र मला युनियनच्या मेळाव्याला घेऊन गेला. (तो सूतगिरणीत कंत्राटी आहे. येत्या सोमवारपासून त्यांचा संप.) म्हटलं, मागे बसू, चहा पिऊ, लघवीची सोय आधी बघून ठेवू. तर माइकवरून पुकारा झाला, "एकट्याने आत घुसून कापसाची जिनिंग मिल बंद पाडणारे अभिमन आबा!" दोघांनी बखोटीला धरून मला स्टेजवर चढवलं.

खरं काय ते तुला ठाऊक आहे. आपल्या संपाच्या नवव्या दिवशी मी नोकरीच्या भीतीने मागच्या दाराने कामावर गेलो. काम करताना सारखा दाराकडे बघत होतो, खांद्यावरचा टॉवेल मशीनमध्ये गेला, पट्टा तुटला आणि सगळी लाइन थांबली. मी कापसाने पांढराफटक होऊन पुढच्या गेटमधून पळालो, तर तुम्ही माझा जयजयकार केला! आत जाताना मला फक्त तू पाहिलं होतंस, आणि तरी खांद्यावर आधी तूच घेतलंस. पुढे संप फुटला. शेटला खरं माहीत होतं, म्हणून त्याने मला परत घेतलं. (लोक म्हणाले, शेट अभिमनला घाबरतो.) तुला घेतलं नाही.

संपाचं मला एवढंच कळलं आहे : पहिल्या दिवशी घोषणा, तिसऱ्या दिवशी पत्ते, आठव्या दिवशी बायको माहेरी. आणि जो शेवटपर्यंत उभा राहतो, तो जामनेरला जाऊन भाजी विकतो.

मला शाल घातली, नारळ दिला. मी माइकवर म्हणालो, "मी भ्यालो होतो." चिंधाभाऊ, खूप टाळ्या पडल्या! घरी येताना योगेंद्र म्हणाला, "आबा, मला बी भीती वाटते. पण तुम्ही भिऊनसुद्धा गेलात ना? मग मी बी गेटवर बसतो." त्याला दोन लहान पोरी आहेत. माझ्या त्या फाटक्या टॉवेलवर पोराने संसार टांगला आहे. तुझी वहिनी तेवढी म्हणाली, "तुमनाघाई घरना पंखा बंद व्हस नही, मशीन कशी बंद करी?" एवढ्या वर्षांत तिनेच काय ती शंका घेतली.

संप करू नको असं मी त्याला कोणत्या तोंडाने सांगू? आणि कर म्हणायला छाती होत नाही.

तुझा,
अभिमन

ता. क. हे पत्र आणि शाल एसटीच्या कुंदन कंडक्टरबरोबर पाठवतो आहे. शाल तुझीच आहे. नारळ आम्ही खाल्ला.

ता. क. दुसरा. आत्ताच योगेंद्र सांगून गेला की सोमवारी गेटवर मी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसायचं आहे. तेव्हा ती तूच पांघरून ये, रविवारीच ये, आणि त्याला सगळं सांग. माझा टॉवेलही सांग आणि तुझी भाजीची गाडीही सांग. मग त्याला ठरवू दे. तो माझ्याशी बोलेनासा झाला, तर तू जवळ असावास.

लवकर कळव. फोनवर नुसतं "येतो" म्हण. तेवढं स्पीकरवर चालेल.