तगराचा अर्क आणि हिची उशी

तीर्थस्वरूप अक्कांना नमस्कार. गुडघे आता जिना चढू देतात का, ते कळवा. तुमचं पत्र मिळालं. हिचं सामान न्यायचं म्हणता, त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी बातमी. अक्का, मी झोपलो! रविवारी जेवून पडलो, तो दिवेलागणीलाच उठलो!

ही गेल्यापासून डोळ्याला डोळा नव्हता, हे तुम्ही जाणताच. आपल्या चष्म्यांच्या दुकानात शाळेतल्या मास्तरांची उजवी काच डावीकडे बसवली. बिचारे भिंती चाचपत फिरले. म्हणून तर तुम्ही त्या बाटल्या पाठवल्यात. लव्हेंडरचं तेल उशीवर आणि तगराच्या मुळांचा झोपेचा अर्क पाण्यातून, असं फोनवर बजावलंतही. मी नेमकं उलटं ध्यानात ठेवलं. (तेल प्यालो नाही, घाबरू नका. झाकण उघडताच साबण आठवला.) अर्क मात्र हिच्या उशीवर सढळ हाताने शिंपडला. (माझी उशी उन्हात टाकली होती, म्हणून.)

वास म्हणाल, तर न धुतलेल्या मोज्यांचा! शेजारच्या नर्सबाई ओरडल्या, "भाऊ, घरात काय मेलंय?" मी खिडकी सताड उघडली आणि बोका आत आला. तोच दूधचोर, ज्याच्यामागे ही झाडू घेऊन धावायची. त्याने हिच्या उशीवर तोंड घासलं, लोळण घेतली, चारी पाय वर केले. मी बाटली दाखवली, तशा नर्सबाई खिडकीतून हसत सुटल्या, "अहो, तगर म्हणजे मांजरांची दारू! आता हा पाहुणा हलतोय कसला!"

हलला नाहीच. मधोमध पसरून घोरू लागला. आणि अक्का, काय घोरतो! थेट हिच्यासारखा, मध्येच अडखळायचं, की पुन्हा सुरू. (त्या घोरण्यापायी लहानपणी तुमची झोप उडायची म्हणता. माझी त्याच्यावाचून उडाली होती, हे तेव्हा कळलं.) त्याला हाकलायला उठणार, तोवर मलाच झोप लागली.

आता रोज दुपारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं झोपतो. मास्तरांच्या काचा नीट बसवल्या. आता ते माझ्यावर ओरडतात, म्हणजे मी त्यांना दिसतो.

आपला मेहुणा

ता. क. अर्क संपत आला. आणखी एक बाटली पाठवा. मी अजून थेंबही प्यालेलो नाही.

पुन्हा ता. क. सामानासाठी जरूर या. कपाट उघडून ठेवलं आहे. कपडे न्या, भांडी न्या. उशी तेवढी राहू द्या. बोक्याला सवय झाली आहे.