टिचबटणाच्या पत्त्यावरची बाई

३ नोव्हेंबर, सोमवार

अकोल्याहून निखिलचा फोन. त्याच्या वडिलांचा, भास्कररावांचा, हूक-टिचबटणांचा ठोक धंदा. टिचबटणाचा नवा पत्ता, म्हणजे बटणं लावलेला पुठ्ठा, करून पाहिजे. खिळ्याला लटकेल असा, मॉलमध्येही शोभेल असा. "आनि ताई, तो बाईचा फोटो पयले काढून टाका." मी अजून चहा संपवत नाही तर भास्कररावांचा फोन. "डिझाइन काई बी करा, फोटोले हात लावू नका." एक काम, दोन मालक. घ्या.

तरी हो म्हटलं. मी करायची त्या लग्नपत्रिका साऱ्या मोबाइलवर गेल्या, नवं काही हातात घ्यायलाच हवं.

आईला सांगितलं. तिचा जन्म ब्लाउज आणि झबली शिवण्यात गेला. म्हणाली, "बाईचा पत्ता बदलून राह्यले? काहून? त्याले काय झालं?"

पत्त्यावर कंपनीचं नाव आहे, पण ते वाचतं कोण. सगळे 'बाईचा पत्ता'च म्हणतात. पिवळट पुठ्ठा, वर-खाली टिचबटणं, मधोमध गोलात एक तरुण बाई. अर्धा पत्ता मागितला की दुकानदार मधून कात्री मारतो, म्हणजे बाईच्या नाकावरून. आमच्या मशीनच्या खणात काही तुकड्यांवर नुसते डोळे, काहींवर नुसते ओठ. लहानपणी मी ते जोडत बसायची. कधी जुळले नाहीत. दर वेळी कात्री वेगळीकडून गेलेली.

५ नोव्हेंबर

आईच्या खणात एक अख्खा पत्ता सापडला. स्कॅन केला. छापून छापून बाईचा पार भुगा झालाय. दिवसभर साफसफाई. ओरखडे काढले, केसांच्या रेघा सुट्या केल्या, हनुवटीवर शाईचा डाग होता तो पुसला. संध्याकाळी बाई अशी निघाली की मीच पाहत राहिले. अजून हात चालतो माझा. आज स्वतःवर खूश.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अकोला. दुकान टिळक रोडच्या आतल्या गल्लीत, घर मागेच. भा.राव गादीवर, डोक्यावर उंच टांगलेली त्याच फोटोची तसबीर, काचेवर धूळ. निखिल म्हणे आता पत्त्यावर बाई-बिई कोणी ठेवत नाही, ठेवायचीच तर मॉडर्न ठेवा. भा.राव म्हणे, "फोटो हालला का धंदा हालला." मी दोघांकडे आळीपाळीनं मान हलवली. धंदा शिकायचा तर हे आधी शिकावं.

मग मी माझं साफ केलेलं चित्र पुढं ठेवलं. भा.राव चष्मा शोधत होते. तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली, कुसुमकाकू. ट्रे ठेवताना कागदाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "माहा तीळ कुठी गेला?"

मला कळेचना. "कोणाचा तीळ?"

त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. होता तिथं. पांढऱ्या केसांच्या, चष्म्याच्या त्या बाईंच्या हनुवटीवर अगदी त्याच जागी.

शाईचा डाग समजून पुसला मी. जिला आयुष्यभर तुकड्या-तुकड्यांत पाहिलं ती अख्खी चहा देत उभी आणि मी तिचा तीळ पुसलेला. लाजेनं चहा गरमच गिळला. काकू मात्र हसत होत्या. "राहू दे वं पोरी. नाक कापत होते लोकं, तुनं तं निस्ता तीळ नेला."

आत जाता जाता माझा नंबर मागून घेतला.

८ नोव्हेंबर

तीळ परत ठेवला. पहिलं काम तेच.

आईला सांगितलं, पत्त्यावरची बाई खरी आहे. आईनं मशीन थांबवलं. "खरी? म्हंजे हाय? जित्ती?" मग बराच वेळ शिवलंच नाही तिनं. "म्या किती डाव कापली असंन तिले."

१२ नोव्हेंबर

परतवाडा. दुकानं पाहायला गेले, पत्ता कुठं टांगतात, कसा विकतात ते. टांगत नाहीतच. बिस्किटाच्या डब्यात उभे रचलेले. माझ्यापुढंच एक शेतकरीण आली, हातात नातीच्या झबल्याचं कापड. "बाईचा द्या हो. दुसरा नोको, गंजते." दुकानदारानं निखिलच्या वयाच्या मुलींना आवडेल असा एक चकचकीत पत्ता पुढं केला. तिनं बोटानं परत सरकवला. "बाईचा." मग म्हणे अर्धाच. त्यानं कात्री उचलली आणि बोलता बोलता कचकन...

आयुष्यात हजारदा पाहिलेलं. आज मी डोळे मिटले.

म्हणजे भा.राव चुकत नाहीत, बाईवरच माल जातो. निखिलही चुकत नाही, हा डब्यातला पत्ता उद्या कोणी पाहणार नाही. पण बाईचं काय?

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी काकूंचा फोन. "हे जेवून लवंडले हायेत, म्हून बोलतो."

जसं आठवतं तसं लिहून ठेवते. त्यांचं माहेर अंजनगाव सुर्जी. लग्न होऊन अकोल्यात आल्या, वडिलांची आठवण यायची, वडिलांनाही यायची. म्हणून स्टुडिओत जाऊन एक फोटो काढला, वडिलांना पाठवायला. फोटो आणायला सासरे गेले. त्यांना तो आवडला. तेव्हा नवा पत्ता छापायचाच होता. दिला छापायला.

"मले कोनी इचारलं नाई. मले तं पत्ता छापून आला तवा समजलं."

"आणि वडिलांना फोटो?"

"थो राह्यलाच. बाबानं मले बजारात पाह्यलं. दुकानदार कापून राह्यला होता."

त्याच पुढं म्हणाल्या, "बाबानं त्या दुकानात होते तेवढे पत्ते सारे घेतले अन घरी आले. मंग दर बजाराले तेच. आईच्या घरात टिचबटनं इतली झाली, इतली झाली, का तिनं उशाच्या खोयीलेही लावले." आणि हसल्या. मीही हसले.

विचारलं, "काकू, मग नव्या पत्त्यावर फोटो ठेवायचा की काढायचा? तुम्ही सांगा."

पलीकडं कुकरची शिट्टी ऐकू आली.

"इचारून सांगतो."

"काकांना?"

"नाई वं. मले."

फोन ठेवला. ठरवलं मी. त्या सांगत नाहीत तोवर हा पत्ता प्रेसला जाणार नाही. मग बाप म्हणो की लेक म्हणो.

१९ नोव्हेंबर

निखिल: झालं का ताई? मी: पुठ्ठा कापायचा डाय बनवणारा गावाला गेलाय.

२१ नोव्हेंबर

भा.राव: झालं का? मी: पुठ्ठ्याचा नमुना यायचाय. थापा मारायला मला कोणी शिकवलं नाही, उपजत आहे.

बाकी काम करतेय. लोक अर्धा मागणारच, तर पत्ताच अर्धा होणारा करावा. मधोमध बारीक भोकांची रेघ, हातानं फाटेल अशी. कात्रीचं काम नाही. मग चेहरा मध्ये ठेवता येत नाही. वर नेला तर लटकवायचं भोक नेमकं कपाळात. आईनं पाहिलं. "आंगं माय, बाईच्या कपायाले खिळा ठोकतं का?" खाली नेला तर गुडघ्यात तोंड घातल्यासारखी दिसते. चार तास गेले, चेहरा पुठ्ठाभर फिरतोय. बंद केलं. वांग्याची भाजी केली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

निखिलनं त्याच्या पसंतीचा फोटो पाठवला. गोरी, सोनेरी केस, दात बत्तीसच्या बत्तीस. हिला टिचबटण दिलं तर कानात घालेल.

संध्याकाळी भा.राव. आज मी सरळ विचारलं, "काकूंना विचारलं का, फोटो ठेवायचा का म्हणून?"

"तिले काय इचाराचं? तिचाच तं फोटो हाय."

मला राग आला. पण लगेच ते हळू आवाजात म्हणाले, "रोज दुकान उघडतो ना ताई, तं पयले तिचं तोंड पाहतो. मंग बोहनी."

"काकू घरात असतात की."

"असते," म्हणाले. मग म्हणाले गिऱ्हाईक आलं. आलं असेलही.

रागही पुरता धरता येत नाही अशा माणसाचा.

४ डिसेंबर

काकूंचा फोन नाही. आपण होऊन करायचा नाही असं ठरवलंय. विचारायचं आणि मग घाई करायची, तर ते विचारणं कसलं. अचलपूरची एक पत्रिका आली, छापील, आजोबांचा हट्ट. बरं वाटलं. संत्री आणली, आंबट निघाली.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी मोबाइलवर फोटो. काकू. आत्ताच्या. स्टुडिओतला, मागं निळा पडदा, खुर्चीत ताठ, चष्मा, अंबाड्यात एक शेवंतीचं फूल. हनुवटीवर तीळ. खाली काही लिहिलेलं नाही.

तासाभरानं आवाज पाठवला. चारदा ऐकला. लिहून ठेवते.

"माधुरी, हा आताचा. एकटीच गेलो होतो. स्टुडिओतला पोरगा म्हने आजी तीळ पुसतो, म्या म्हटलं हात तं लावून पाह्य. आता आईक. जुना फोटो बाबासाठी काढला होता. थो कोनाले कापू नोको देऊ. थो मले मोठा काढून दे, तिळासकट. अन पत्त्यावर हा टाक. याले कापलं तं कापू दे लोकायले. हा म्या सोताहून देल्ला."

आई म्हणाली काय झालं. तिला ऐकवलं. आई म्हणाली, "आता मले अर्धा पत्ता घेववनार नाई." आणि मशीनला दोरा ओवू लागली. ओवला जाईना, मी ओवून दिला.

११ डिसेंबर

जमलं. दोन्ही अर्ध्यांवर एक-एक चेहरा. वर एक काकू, खाली एक काकू, लहान पण अख्ख्या. मधून फाडा, नाहीतर कात्री मारा, कोणाच्याच नाकाला धक्का नाही. त्या कापू दे म्हणाल्या असतील, मी नाही देणार. भोक वरच्या कोपऱ्यात. पुठ्ठा तोच पिवळट, म्हणजे परतवाड्याची ती बाई ओळखेल. ओळखेल ना? बाई तर चाळीस-पन्नास वर्षांनी मोठी झालीय. भीती वाटते थोडी. माल पडून राहिला तर भा.राव मला आणि निखिल दोघांना...

पण छान झालाय. इतका छान मी बऱ्याच दिवसांत केला नव्हता.

१३ डिसेंबर

नमुना निखिलला पाठवला. फोन: "ताई, हे तं मम्मी हाय."

"आधीही तीच होती."

"हो, पन आधी ते... मम्मी वाटत नव्हती." मग म्हणे पप्पांना तुम्हीच दाखवा, मी नाही दाखवत. बत्तीस दातांच्या गोऱ्या बाईसाठी भांडणारा मर्द.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अकोला. दोन गोष्टी नेल्या. पत्त्याचा नमुना, खरी टिचबटणं लावून. आणि जुन्या फोटोची मोठी प्रत, तिळासकट. ती आधी मागच्या दारानं जाऊन काकूंना दिली. त्यांनी पदरानं काच पुसली, नवी कोरी काच. "बाबा असते तं," एवढंच म्हणाल्या. कपाटात नाही ठेवली, देवाजवळ वडिलांचा फोटो आहे त्याच्याशेजारी उभी केली.

मग दुकानात. भा.रावांनी नमुना हातात घेतला. चष्मा लावला, काढला, परत लावला. वरच्या तसबिरीकडं पाहिलं, पत्त्याकडं पाहिलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले नाहीत. "हा कवा काढला फोटो?"

"काकूंनी काढला. गेल्या आठवड्यात."

"मले नाई सांगतलं."

निखिल बटणाच्या डब्या उगीच इकडच्या तिकडं करत होता.

तेवढ्यात माल घ्यायला दर्यापूरकडचा एक दुकानदार आला. पत्ता दिसला, उचलला. काकू चहा घेऊन आल्याच होत्या. त्यानं पत्त्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं. "काकू, हे तुमी?"

"हो. मीच."

इतकी वर्षं त्यांचा चेहरा सगळ्या वऱ्हाडात घरोघर गेला आणि आज पहिल्यांदा बाहेरच्या कोणी त्यांना ओळखलं. काकूंची मान काय ताठ झाली. मला फार म्हणजे फार आनंद झाला.

दुकानदार गेला. भा.रावांनी पत्ता भिंतीच्या खिळ्याला अडकवला, तसबिरीच्या खाली. लटकतो चांगला. बराच वेळ पाहत बसले. छापा म्हणाले नाहीत, नका छापू असंही म्हणाले नाहीत. मग बायकोकडं वळले. आवाज एकदम नव्या माणसाशी बोलावं तसा.

"तुले काय वाटते? छापाचा का हा?"

काकूंनी रिकामे कप गोळा केले. एकेक करून, सावकाश. माझ्याकडं बघितलंही नाही.

"इचारून सांगतो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

भा.राव मला म्हणाले, "आता हे कोनाले इचारनार?"

मी म्हटलं, मला काय माहीत. माझा चहा अजून अर्धा होता, तो पिऊन टाकला.