बंद न होणारी चौकट

४ मार्च
होबार्ट सोडून बर्नीत येऊन पडलो एकदाचे! घर चिमुकलं आहे, पण स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो, त्यावरच ब्रिडी खूश. नऊ वर्षांच्या पोरीला आणखी काय हवं! माझी नणंद रोना, फर्गसची बहीण, दोन गल्ल्या सोडून राहते. खोबरं लावलेले लॅमिंग्टन केक घेऊन आली आणि म्हणाली, कंप्युटरपुढे बसून वाळलीस नुसती, खा मुकाट्याने.

नवी नोकरीही झकास. वेबसाइट बनवायच्या. मालक नेव्हिल म्हणतो, होबार्टची माणसं नुसत्या कॉफ्या ढोसतात, बघू तू काय दिवे लावतेस.

६ मार्च
पहिलं काम अंत्यविधी करणाऱ्या एका संस्थेचं. गेलेल्या माणसाच्या नावावर क्लिक केलं की पानाच्या मधोमध चौकट उघडते, तिच्यात त्याचा फोटो. मागचं पान अंधारतं, आणि चौकट बंद करेपर्यंत तिथल्या कशालाही हात लावता येत नाही. तिचं रंगरूप मी सीएसएसच्या कोडमध्ये ठरवायचं: कोपरे, सावली, मागे अंधार किती.

नमुन्याला फोटो हवा होता. नेव्हिल म्हणाला, मांजराचा लाव. मी फर्गसचा लावला. दोन वर्षं झाली त्याची होडी बुडून. चौकटीतून तो असा हसला की मला रडूच फुटलं.

९ मार्च
मागचा अंधार वाढवला. फक्त तोच दिसू दे. बंद करायची फुली काढली, एस्केपचं बटणही निकामी केलं. नेव्हिल भडकलाच. अगं बाई, माणसांना आत कोंडून मारतेस काय, आधी दार ठेव, मग भिंती रंगव!

गिऱ्हाइकासाठी फुली परत ठेवली. माझ्या प्रतीत नाही. त्याला पुन्हा घालवायचं, तेही माझ्याच हाताने? नाही जमत मला.

१२ मार्च
सकाळी नाश्त्याला फर्गस समोर बसला होता. खरंच! आधी दचकले, मग इतकी हरखले की चहा सांडला. ब्रिडीला हाका मारल्या. तिला तो दिसेना. आणि मला ती अंधुक दिसत होती. दिवा लावला, तरी तशीच.

१४ मार्च
फर्गस बोलत नाही. हसतो तेवढं, फोटोतलं.

ब्रिडी शाळेतून आली. ओठ हलत होते, आवाज नाही. जवळ घ्यायला गेले तर हात पोचेना. एवढीशी समोर होती गं पोर माझी.

१५ मार्च
फुली परत घालायला गेले — कंप्युटरही अंधारात. बटणं दाबली जात नाहीत. ही वही तेवढी हाताला लागते.

फर्गसला म्हटलं, जा. पाया पडते, जा. तू मेलायस रे.
हसतोय.

१६ मार्च
रोना आलीय. ब्रिडीची बॅग भरतेय. आता आवाज येतो, पण खूप लांबून. सांगतेय, आई कुणाशी बोलत नाही, जेवत नाही, थोडे दिवस आत्याकडे चल.

ब्रिडी ऐकत नाही. माझ्यापुढे उभी — म्हणते, आई, मी राहू का? नुसतं हो म्हण. मग मी कुठ्ठे जाणार नाही.

म्हणतेय गं. केव्हाची ओरडतेय —

डोळे पुसले तिने. बॅग उचल —

ब्रिडी, हो. राहा. हो गं, हो —