मुकाईचे कान

भट्टीवार

आले एकदाची! दादा वेशीवर वाट पाहत होता. लंगडत पुढे आला आणि माझी रंगांची पेटी उचलायला गेला. मी म्हटलं, राहू दे, एक पाय आधीच रुसलाय, उगाच दुसरा रुसायचा. जिन्यावरून पडल्यापासून त्याचा गुडघा असाच आहे. त्यावर त्याने लगेच मला टिटवी म्हणून चिडवलं. लहानपणी बोलायला लागले ती थांबलेच नाही, म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव. इतक्या वर्षांनी ते ऐकलं आणि डोळ्यांत पाणीच आलं.

गाव देवांनी नुसतं गजबजलंय. पाच देव, पाच गल्ल्या, आठवड्याचे वारही त्यांच्याच नावाचे. भट्टोबा आगीचा, त्याचे लोक विझलेला निखारा ओलांडत नाहीत. झराईचे लोक धुतलेले हात पुसत नाहीत, समोरच्याच्या अंगावर झटकतात. दारोबाचे लोक कुणाच्याही घरात पाठीकडून शिरतात, आणि वाटोबाचे उभ्यानेच जेवतात. एकमेकांची उणीदुणी काढण्यात चारही पंथ पटाईत. पण पाचव्या मुकाईपुढे सगळे एक, असं दादा म्हणाला. तिचाच रंग उडालाय, आणि गावात रंगारी नाही. म्हणून त्याने मला बोलावून घेतलं.

वहिनी भेटली, पण न भेटल्यासारखीच. गेल्या हिवाळ्यात त्यांचं बाळ गेलं. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असते. पाळणा तिथेच आहे. दादा तिला घास भरवतो, ती तो तोंडात तसाच धरून ठेवते. दादाची मला फार कीव आली.

झरेवार

मुकाई पाहिली. माणसाएवढी, बैठकीवर बसलेली. तिला तोंडच नाही, कान मात्र चांगले मोकळे. लोक येतात, तिच्या कानात आपलं दुखणं सांगतात आणि हलके होऊन घरी जातात. म्हणजे जायचे. हल्ली ती ऐकत नाही, असं पुजारीणबाई म्हणाल्या. मी म्हटलं, साऱ्या गावाची रडगाणी ऐकून कोणाचेही कान किटतील. बाई हसल्या नाहीत.

दारवार

कामाला सुरुवात. तोंडाला पट्टी बांधूनच रंगवायचं, असा इथला नियम. मला त्यात काही नवल वाटलं नाही. ओल्या रंगाला श्वासाची वाफ लागली की डाग पडतो, हे आमच्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवलं होतं. फरक एवढाच, की इथे पट्टी आपली आपण बांधायची नाही, सख्ख्या माणसाने बांधायची. जेवताना किंवा काम संपल्यावर ती हनुवटीखाली ओढली तर चालतं, गाठ मात्र सोडायची नाही.

दादाने बांधली. त्याचे हात कापत होते. मग रीत म्हणून त्याने आपलं एक दुखणं माझ्या कानात सांगितलं. गुडघ्याचंच. अख्खं गाव दारात उभं राहून बघत होतं. आमच्यासारख्या रंगाऱ्यांना एवढा मान कोण देतं? मी तर हरखूनच गेले.

संध्याकाळी दादा ताठ चालत घरी आला. मुकाई पावली वाटतं, म्हणून मी थट्टा केली. हो, म्हणाला, पण माझ्याकडे न बघता. माझाच गुडघा मेला ठणकतोय. दिवसभर स्टुलावर बसून अवघडला असेल.

वाटवार

लोक भारी विचित्र आहेत. येतात मुकाईकडे आणि वाकतात माझ्या कानाशी. लोहाराने हात भाजल्याचं सांगितलं, शिंपीणबाईंनी नवऱ्याच्या माराचं. तोंडाला पट्टी, त्यामुळे मला ना हूं करता येतं ना चूं. ऐकत बसले. जाताना लोहाराने माझ्यासमोर मूठ वळून पाहिली आणि लहान पोरासारखा हसला.

आता लिहिताना तळहाताला फोड दिसतोय. मी विस्तवाजवळ गेलेलेच नाही. पाठीवर वळही आहेत. पुजारीणबाईंना दाखवले, तर म्हणाल्या, रंग अंगावर उठला असेल. वीस वर्षं रंगात हात घालतेय, कधी उठला नाही.

मुकवार

वहिनी आली. घराबाहेर पडली म्हणून मला आनंदच झाला. माझ्या कानाशी वाकली आणि बांध फुटावा तशी बोलत सुटली. बाळाच्या मानेचा वास, त्याने तिचं बोट कसं धरून ठेवलं होतं, आणि ते कधी सुटलं. पट्टीआड मी हमसून हमसून रडले.

ती उठली, तोंड पुसलं आणि बाहेर आज ऊन किती छान पडलंय म्हणाली.

घरी गेले तर वहिनी गुणगुणत कणीक मळत होती. तिने दादाला विचारलं, हा पाळणा कुणाचा, उगाच जागा अडवून बसलाय. आणि दादा मोठ्याने हसला. आनंदाने हसला.

मी दारात उभी होते. माझे हात काहीतरी शोधत होते. नाकात तो मानेचा वास. मला मूल नाही. कधीच नव्हतं.

भट्टीवार

आज जुना रंग खरवडला. नको होता खरवडायला.

मुकाईच्या मधल्या बोटाला घट्टा आहे. ब्रश टेकतो तिथे. माझ्याही बोटाला तिथेच आहे. कानाच्या पाळीला टोचल्याचं भोक. आणि तोंड आहे तिला. तोंडावर पट्टी आहे, तिच्यावर रंगाचे थरावर थर.

हे लाकूड नाही.

झरेवार

पळाले. गुडघ्याने जमेल तेवढं. वेशीवर वाटोबाचे लोक उभ्याने जेवत होते. घास खाली ठेवून त्यांनी हात जोडले. देव वेस ओलांडत नाहीत, म्हणाले. किती हळुवार धरून आणलं मला! एका म्हाताऱ्याने पाया पडून घेतलं आणि त्यातच आपला दमाही सांगून टाकला.

दादाला हाक मारली — आवाज नाही. पट्टी आता खाली ओढली जात नाही. गाठ कापायला गेले, तर कातडी कापल्यासारखं रक्त. बाई म्हणाल्या, ज्याने बांधली त्यालाच सुटते.

म्हणजे दादा सोडू शकतो. दादा सोडेल.

दारवार

दादा आला. मी ब्रशने जमिनीवर लिहिलं — गाठ सोड.

वाचून रडला. म्हणाला, तुझी वहिनी मरत होती गं, डोळ्यांदेखत मरत होती. जुनी मुकाई भरली होती. गावाने सांगितलं, सख्खं माणूस आण. तू सोशीक आहेस, तुला सवय होईल असं वाटलं, म्हणाला. सवय!

सगळं माहीत होतं त्याला. वेशीवर टिटवी म्हणाला, तेव्हाही माहीत होतं.

पण मग त्याचे हात माझ्या मानेमागे आले. गाठीपाशी. मी डोळे मिटले. माझा दादा.

त्याने माझे केस बाजूला केले. कानावरून. आणि वाकला —

मी मान हलवत राहिले. हे नको. बाकी सगळं दे, हे एवढं तुझ्यापाशी राहू दे, तू विसरलास तर माझं कोण —

सांगितलंच त्याने. पहिल्यापासून, सगळं.

वाटवार

दादा आला होता, वहिनीला घेऊन. सगळे जोडतात तसे हात जोडले. नवी मुकाई छान आहे म्हणाला. बाईंना विचारलं, कुठून आणलीत?

मुकवार

मी फार वाईट केलं. बहिणीला फसवून बोलावलं. वेशीवर उभा होतो, गुडघा ठणकत होता, तिची पेटी उचलायला गेलो — ती हसत होती. पट्टी मीच बांधली. हे माझेच हात कापत होते.

तिला सोडवायला हवं. कुठे ठेवलंय तिला? बांधली मी, मलाच सुटेल — हात मानेमागे जातात, गाठ लागते हाताला, ही कुणाची मान —

हाक तरी मारावी. सारखी बोलायची ती. मी तिला चिडवायचो, एका पाखराचं नाव होतं, ते सारखं ओरडतं ना, ते — ते —