हमालांच्या खोल्या

तुमसर,
१२ नोव्हेंबर १९७९

चि. कौशल्यास,

ताराचंदचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तुझी खुशाली कळवावी.

धानाचा हंगाम आहे, गिरण्या रात्रंदिवस चालू आहेत. आपल्या दुकानात मात्र हातमागाच्या साड्यांना गिऱ्हाईक नाही. बसून बसूनही माणूस थकतो, हे आता कळलं.

आपले गठ्ठे वाहणारा हमाल गोमाजी तुला ठाऊक आहे. हंगाम पाहून त्याच्या घरमालकाने भाडं दुप्पट केलं. बायको रंभाबाई ओली बाळंतीण. तिला घेऊन तो आठवडाभर गिरणीच्या पडवीत राहिला. असे इथे पुष्कळ आहेत. बाबांनी आपल्या दोघांच्या नावे ठेवलेल्या प्लॉटवर सहा खोल्या बांधाव्या आणि या लोकांना झेपेल अशा भाड्याने द्याव्या, असं मनात आहे. बँक कर्ज देईल म्हणते, पण प्लॉट गहाण ठेवायला तुझी सही लागेल.

तिथे तुला निवृत्तीनंतर घर बांधायचं आहे, हे मी विसरलो नाही. म्हणून हक्काने मागत नाही, विचारतो. तुझी वहिनी म्हणते, दुसऱ्यांच्या छपराच्या नादात आपलं उडवाल.

तुझा,
दादा

मोहाडी,
२५ नोव्हेंबर १९७९

तीर्थस्वरूप दादास,

कौशल्येचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून इतका राग आला, की उत्तर लिहायला बसलेच नाही. शाळेच्या वह्या तपासत राहिले. त्या जागेवर मी मनातल्या मनात स्वयंपाकघरसुद्धा बांधलं होतं, पूर्वेला खिडकी काढून.

पण गेल्या आठवड्यात आमच्या मालकीणबाईंनी निरोप धाडला. मुलाचं लग्न ठरलं, खोली रिकामी करा. विधवा झाल्यापासून हे माझं चौथं घर. भांडी पोत्यात भरताना रंभाबाईंचा विचार आला. माझ्याजवळ पगार तरी आहे, आणि कडेवर लेकरू नाही.

कागदावर सही करून पाठवते आहे. एकच सांगणं, हंगाम पाहून तिथे कोणाचं भाडं वाढवू नका. आणि वहिनींना म्हणावं, त्यांचं बरोबर आहे. घरात तसं बोलणारं कोणीतरी पाहिजेच, नाहीतर तुम्ही अंगावरचा सदराही देऊन याल.

मायेत अंतर पडू देऊ नये.

तुमची,
कौशल्या

तुमसर,
३ मार्च १९८०

चि. कौशल्यास,

अनेक आशीर्वाद. बँकेच्या खेपा घालून जीव विटला. मॅनेजर माणूस वाईट नाही, दर वेळी चहा पाजतो. पण म्हणतो, तुम्ही सांगता त्या भाड्यात हप्ता निघणार नाही, भाडं दुप्पट धरा. मी म्हटलं, दुप्पटच घ्यायचं तर बांधू कायले? तसे मालक गावात आहेतच.

मधे एक धानाचा शेठ आला. सगळा पैसा आपण घालतो, पण खोल्यांऐवजी गोदाम बांधून द्या म्हणाला. मी नाही म्हटलं आणि रात्रभर झोपलो नाही.

शेवटी दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग एका औषधवाल्याला भाड्याने दिला. ते भाडं हप्त्याच्या हिशेबात धरून बँकेने कर्ज मंजूर केलं, पण चारच खोल्यांपुरतं. आता मी मागच्या अंधाऱ्या भागात साड्या विकतो. गिऱ्हाइकाने आधी औषधवाल्याला वाट विचारायची, मग माझ्यापर्यंत यायचं. तुझी वहिनी तीन दिवस जेवताना ‘मीठ वाढू का’ याशिवाय दुसरं काही बोललेली नाही.

प्रकृतीला जप.

तुझा,
दादा

तुमसर,
२० जुलै १९८१

कौशल्याबाईंस,

रुखमिणीचा नमस्कार.

माझ्या हातचं पत्र पाहून घाबराल. घाबरू नका, ते आहेत. पण पंधरा दिवस झाले, दुकानात बसल्या बसल्या त्यांचं उजवं अंग गेलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून परवा घरी आणलं. समजते सारं, बोलता येत नाही. डॉक्टर म्हणते, नागपूरले नेलं तरी हेच, मालिश करा अन् धीर धरा. तुम्हाले तार कराची होती, पण मले काही सुचलंच नाही.

चारही खोल्या भरल्या आहेत. गोमाजी रोज येऊन यांची कूस बदलून देते.

काल तो धानाचा शेठ आला. म्हणाला, वहिनी, कायले जीव मारून राहिल्या, खोल्या मले द्या, बँकेचं मी पाहतो. खोटं नाही सांगत बाई, दोन वर्षं मी त्या खोल्यांले शिव्या देऊन राहिली होती. हो म्हणाले तोंड उघडलं होतं. यांच्याकडं पाहिलं, तर त्यांनी डोळे मिटून मान हलवली, देऊन टाक म्हणून. माझे हाल पाहून. तेच मले सहन नाही झालं. अर्धं दुकान देताना जो माणूस हरला नाही, तो माझ्यापायी हरून राहिला होता. मी शेठले म्हटलं, तिथं माणसं राहतात, ते तांदूळ ठेवाची जागा नाही. यांच्या डोळ्याले पाणी आलं. पुसाले मले सवड नव्हती, चुलीवर दूध उतू चाललं होतं.

आज सकाळी दुकान उघडलं. औषधवाल्याकडून भाडं घेतलं, एकटीच बँकेत गेली अन् हप्ता भरला. तिथल्या बाबूनं विचारलं, तुम्ही कोण. म्हटलं, त्या खोल्यांची मालकीण. तसं मी पहिल्यांदाच म्हटलं. बाहेर येऊन पायरीवर बसून घेतलं.

आमच्यावर जीव आहे तो असू द्या, अन् रविवारी या. काम काही सांगत नाही. तुम्ही फक्त यांच्याजवळ बसा, मी घंटाभर झोपीन.

तुमची,
रुखमिणी